बोलायच्या बाईंचा गुरुवार

बाई,

लोणंदला तुमच्या भावाच्या घरी पुरुष मंडळी तुम्हाला घेऊन कबरस्तानाकडे निघाली आणि आम्ही बायका आतल्या खोलीत सतरंजीवर बसून राहिलो. मागच्या वखारीतून कांद्याचा वास येत होता. कुणी तुमच्यावर ओरडलं की तुम्ही म्हणायचात, मी कांद्याच्या वखारीत वाढलेय, मला असं कुणी रडवू शकत नाही. त्या दिवशी त्या वासामुळे आम्हा सगळ्यांच्याच डोळ्यांची सोय झाली.

माझ्या शेजारी तुमच्या गल्लीतल्या एक म्हाताऱ्या काकू बसल्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तू कोण गं तिची?"

मी म्हटलं, विद्यार्थिनी.

त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "तोतरी हुतीस व्हय?"

"न्हाई."

"मग? बोलायलाच येत नव्हतं?"

"लय येत होतं."

"मग तिच्याकडं कशाला जात हुतीस?"

तुमच्या भावजय रडता रडता हसल्या. ज्या मुलीचं तोंड बंद करता करता कुपवाडच्या शाळेतले शिक्षक थकले, तिला त्या खोलीत उत्तर सुचलं नाही. आज सुचतंय. काकूंच्या जागी तुम्ही बसला आहात असं धरून ते लिहिते. तुमच्या कामाबद्दल तुमच्या गल्लीला माहीत नाही, शाळा चालवणाऱ्या तुमच्या संस्थेला माहीत नाही, आणि गेल्या आठवड्यात त्या माहीत नसण्याची किंमत तुमच्या विद्यार्थ्यांना मोजावी लागणार होती.

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. माझे वडील, आप्पा, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत कामाला आणि युनियनचं काम अंगावर घेतलेले. गेटसभा असली की घरात पत्रकांचे गठ्ठे यायचे, जेवणाच्या ताटांना जागा उरायची नाही. पाळी सुटायच्या वेळी आप्पा मला सायकलच्या नळीवर बसवून गेटवर न्यायचे. कामगार दुचाक्या बंद करून उभे राहायचे आणि आप्पा पत्रक मोठ्यानं वाचायचे. मी शेजारी उभी. दुसऱ्या गेटवर जाईपर्यंत ते मला पाठ झालेलं असायचं. पुढे पुढे आप्पा मलाच म्हणायला लावायचे. मी कागद हातात धरायची, योग्य जागी मान खाली घालायची, योग्य जागी पान उलटायची. लोक म्हणायचे, एवढीशी पोर काय वाचते बघा.

मी वाचत नव्हते. कागदावरच्या त्या काळ्या रांगा माझ्यासाठी मुंग्यांसारख्या होत्या. एका जागी ठरायच्याच नाहीत. पण कुणाला संशय कसा यावा? शाळेच्या वक्तृत्वाची ढाल दर वर्षी आमच्याच घरी. वहीत मात्र काही नसायचं. गुरुजी म्हणायचे, हुशार आहे पण आळशी, बापासारखी भाषणं ठोकायला पाहिजेत नुसती.

मग तुम्ही आलात. दर गुरुवारी येणार, बोलण्याचा त्रास असलेल्या मुलांना तपासणार, एवढंच शाळेला कळलं होतं. पोरांनी लगेच नाव ठेवलं, बोलायच्या बाई. आणि शिक्षकांनी पहिल्याच गुरुवारी तुमच्याकडे कुणाला पाठवलं, ते तुम्ही मला पुढे कितीतरी वेळा सांगितलंत आणि दर वेळी तितक्याच चिडून. 'आमी' म्हणणारी, 'न्हाई' म्हणणारी, 'कवा' आणि 'तवा' म्हणणारी वाड्या-वस्त्यांवरची सगळी पोरं रांगेत उभी केली होती. एकेकाचे उच्चार शुद्ध करून द्या म्हणून. तुम्ही दुपारपर्यंत त्यांचं बोलणं ऐकलंत आणि सगळी रांग वर्गात परत पाठवलीत. मुख्याध्यापकांना म्हणालात, यांच्या जिभेला काहीही झालेलं नाही, ही मुलं त्यांच्या आईसारखी बोलतात. मला असं मूल द्या, जे बोलताना हुशार वाटतं आणि वही पुढे आली की पोट दुखतं म्हणतं.

सगळ्यांनी एकाच वेळी माझं नाव घेतलं.

बाई, मी तुमच्यासमोर बसले तेव्हा भाषणाच्या तयारीनं बसले होते. तुम्ही कागद काढलाच नाहीत. म्हणालात, 'कपाट' म्हण. म्हटलं. आता त्यातला 'क' काढून टाक, काय उरलं? मला महागाईवर बोलता येत होतं, बोनसवर बोलता येत होतं. 'कपाट'मधून 'क' काढला की काय उरतं, ते सांगता येईना. शब्द माझ्यासाठी अख्खा दगड होता, त्याचे तुकडे होतात हेच माहीत नव्हतं. मग तुम्ही चित्रांची एक ओळ पुढे केलीत, छत्री, गाय, कप, घर, आणि भरभर नावं घ्यायला सांगितलीत. प्रत्येक वस्तू मला ओळखू येत होती आणि तिचं नाव जिभेवर यायला वेळ लागत होता. मला घाम फुटला. तुम्ही मात्र खूश दिसत होतात. हवी ती वस्तू अखेर सापडल्यासारख्या.

म्हणालात, "तू आळशी नाहीस. तुझ्या कानाचं आणि अक्षराचं अजून जमलेलं नाही. जमवू."

मला आळशी नाही म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या.

आप्पांना शाळेत बोलावलंत तो गुरुवार मला जसाच्या तसा आठवतो. ते कारखान्यातून थेट आले होते, हातांवर काळी माती तशीच. तुम्ही शांतपणे सगळं सांगितलंत. डिसलेक्सिया हा शब्द आप्पांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. वाचायचं म्हणजे आधी बोलण्यातले आवाज सुटे करून ऐकता आले पाहिजेत, मग ते अक्षरांशी जोडता आले पाहिजेत. हिचं तिथं अडतं. हे जन्मजात आहे, बुद्धीशी संबंध नाही, आणि बोलण्याचं आणि भाषेचं काम करणारी मी आहे म्हणून ते माझंही काम आहे. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवं मॅडम, आमच्या पोरीला बोलायला शिकवायची गरज हाय व्हय? हिचं तोंड बंद करायचं औषध असंल तर द्या, घरात दोन दिस शांतता तरी नांदंल."

तुम्ही मनापासून हसलात. पण आप्पा हसवून विषय टाळायला बघत होते. ते जमेना तसे ते चिडले. माझ्या मुलीत दोष नाही, दोष शाळेत आहे. वर्गात कोंबलेली पोरं, वर्षानुवर्षं भरल्या न गेलेल्या शिक्षकांच्या जागा, त्यावर कुणी बोलत नाही, आणि गरिबाच्या पोरीवर आजाराचा शिक्का मारायला मात्र सगळे तयार. यावर मी पत्रक काढणार, असं त्यांनी तिथंच जाहीर केलं.

तुम्ही म्हणालात, "जरूर काढा, आप्पा. शाळेबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे. फक्त ते पत्रक तुमच्या मुलीला वाचता आलं पाहिजे."

माझ्या आयुष्यात मी त्यांना गेटवर, पोलिसांसमोर, मालकासमोर बोलताना पाहिलं होतं. निरुत्तर झालेले तिथं पाहिले.

मग तुमची ती वायसरांची गोष्ट. तुमच्याकडे शब्दाचे आवाज मोजायला प्लास्टिकच्या रंगीत चकत्या होत्या, त्या कुणीतरी पळवल्या होत्या. तुम्ही आप्पांना सहज विचारलंत, तुमच्या कारखान्यात टाकून दिलेले वायसर, नटाखाली घालायच्या त्या लोखंडी चकत्या, मिळतील का. तुम्हाला काय माहीत तुम्ही काय मागत होतात. आप्पांनी मालकापुढे आयुष्यभर मागण्या ठेवल्या होत्या, पण स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. खिशात घालून आणणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. शेवटी ते ऑफिसात गेले आणि टाकाऊ वायसर द्या म्हणाले. मालकाला वाटलं, नव्या आंदोलनाची काहीतरी युक्ती आहे. त्यानं विचारलं, कशाला? आप्पा म्हणाले, पोरीला वाचायला शिकवायचं हाय. दुसऱ्या दिवशी रुमालभर वायसर घरी आले, रॉकेलनं धुतलेले.

प्रत्येक आवाजाला एक वायसर. तोंडानं आवाज काढायचा, वायसर पुढे सरकवायचा. मग सगळे वायसर जवळ ढकलून शब्द अख्खा म्हणायचा. मग एकेका वायसराखाली अक्षर. मला अक्षर आधी बोटाखाली कळलं, नंतर डोळ्यांना. किती गुरुवार गेले त्याचा हिशेब मी ठेवला नाही आणि तुम्हीही नाही. पुढच्या वर्षी मी आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाची पाटी वाचली. कुणी वाचून दाखवली नव्हती, मला पाठ नव्हती. मी दुकानासमोर उभी राहून ती परत परत वाचत होते, आणि दुकानदार शेवटी वैतागून म्हणाला, काय पाहिजे ते तरी सांग.

मी अजूनही हळू वाचते. तुम्ही कधी खोटं आश्वासन दिलं नाहीत की हे जाईल. जाणार नाही, पण वाट सापडेल, असं म्हणालात. सापडली. आज मी लिहून पोट भरते. आधी फोनला बोलून लिहिते, मग फोनकडून ऐकून दुरुस्त करते, मग स्वतः वाचते. माझी पत्रकं आता आप्पांच्या पत्रकांहून लांब असतात, अशी त्यांची तक्रार आहे.

आणि लिहायला लागल्यावर मी तुमच्याशीच भांडायला सुरुवात केली. तुमच्याइतकं चांगलं भांडण मला दुसरीकडे मिळालं नाही. तुम्ही दहावीच्या मुलांसाठी धावपळ करायचात. तुमचा अहवाल, मानसशास्त्रज्ञांच्या चाचण्या, सरकारी दवाखान्याच्या फेऱ्या, आणि मग प्रमाणपत्र, की या मुलाला परीक्षेत जादा वेळ द्या. मी म्हणायची, मुलानं आपण अपंग आहोत हे सिद्ध का करायचं? वेळ सगळ्यांनाच द्या. घड्याळाची शर्यत कुणाच्या सोयीसाठी आहे? तुम्ही चहा ओतता ओतता म्हणायचात, लिही की यावर, मी सही करते. पण सगळ्यांना वेळ मिळेपर्यंत या मुलीचं काय करू? हिची परीक्षा मार्चमध्ये आहे.

मी चिडायची. अजून चिडते. माझा मुद्दा बरोबर होता, बाई. तुमचाही होता. हेच तर त्रासदायक आहे.

दुसरं भांडण कोयनानगरला सुरू झालं. सुट्टीत तुम्ही तिथल्या शाळेत मुलांसाठी आणि पालकांसाठी जायचात आणि एकदा मला बरोबर नेलंत. कराडपासून एसटीत तुम्ही खिडकीशी आणि मी तुमच्या पिशव्यांच्या ढिगाखाली. शाळेत तुमचं बोलणं सुरू असताना भूकंपाच्या धक्क्यानं खिडक्या थरथरल्या, बाकावरचा पेला सरकला. मी किंचाळायच्या बेतात होते. तिथली पोरं मात्र मुकाट उठून पटांगणात जाऊन उभी राहिली, रोजची प्रार्थना असल्यासारखी. थोड्या वेळानं सगळे परत आत आले, आणि तुम्ही तोच धागा धरलात. एका मुलाला विचारलंत, आता काय काय झालं, सांग बघू. तो मुलगा वर्गात एक ओळ लिहीत नाही असं त्याचे गुरुजी सांगत होते. तो म्हणाला, "खिडकी हालली. पेला पळाला. मग आमी भाईर आलो. ताई लय भ्याल्या." सगळी शाळा माझ्याकडे बघून हसली.

तुम्ही त्याचं बोलणं फळ्यावर तसंच्या तसं लिहिलंत, माझ्या भिण्यासकट. गुरुजी खडू घेऊन सुधारायला पुढे झाले, तर तुम्ही त्यांचा हात अडवलात. म्हणालात, आधी त्याचं वाक्य त्याला वाचू द्या. ते त्याच्या ओळखीचं आहे, त्याला ते सापडेल. तुमचं वाक्य उद्या शिकवा, तेही त्याला लागणारच आहे. आणि त्या मुलानं बोट ठेवून स्वतःचं वाक्य वाचलं. त्याची आई दारात उभी होती. तिनं पदर हातात घट्ट धरला.

त्यानंतर तुम्ही मला पुढे बोलावलंत आणि हातात एक गोष्टीचं पुस्तक दिलंत. मी ते बाजूला ठेवलं आणि भाषण केलं. टाळ्या पडल्या. परतताना घाटात तुम्ही म्हणालात, भाषण छान झालं, पण मी वाचायला सांगितलं होतं.

मी म्हटलं, मी सभेत वाचत नाही. कामगारांच्या वतीनं उभी राहते तेव्हा मी अडखळले तर समोरचा माणूस माझ्यावर हसेल आणि मागणी बाजूला पडेल. तो चान्स मी कुणाला देणार नाही.

तुम्ही म्हणालात, "हसणारे हसू देत. तिथं जे मूल हसणार नाही, त्याच्यासाठी वाच. त्याला वाटतं, मोठेपणी कुणी अडखळत नाही."

हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. शेवटच्या फोनवरही तेच. तुमचा आवाज बारीक झाला होता. येत्या गुरुवारी ये आणि मुलांना गोष्ट वाचून दाखव, म्हणालात. मी म्हटलं, सांगते की. तुम्ही म्हणालात, सांगायला मी आहे. तू वाच. मी म्हटलं, बघू. तो गुरुवार आलाच नाही.

तुम्हाला लोणंदला सोडून मी सांगलीत परतले तर फोनवर संस्थेचा निरोप. रविवारी शाळेच्या सभागृहात शोकसभा. मॅडमच्या स्मरणार्थ दर वर्षी शुद्ध व स्पष्ट उच्चार स्पर्धा, विजेत्याला स्मृतिढाल. स्पर्धेची तयारी दर गुरुवारी मॅडमच्याच खोलीत. उद्घाटक, शाळेची माजी वक्तृत्वपटू, कुमारी समता, म्हणजे मी.

मी निरोप पुन्हा ऐकला. वाटलं, माझ्या ऐकण्यातच काही चूक होतेय. ज्या बाईनं शुद्ध उच्चारांची रांग पहिल्या दिवशी परत पाठवली, तिच्या नावानं तीच रांग पुन्हा उभी करणार? मी संस्थेच्या सचिवांना फोन लावला. ते वाईट माणूस नाहीत, तुम्हीच सांगायचात. अदबीनं बोलले. म्हणाले, मॅडमसारखं माणूस आता मिळणं अवघड, आणि खरं सांगू का, बोलता न येणारी मुलं आपल्या शाळेत आता आहेत किती? मी म्हटलं, सर, मला बोलता येत होतं. ते म्हणाले, तेच तर, तुझ्यासारखं बोलणाऱ्या मुली आणखी तयार व्हाव्यात म्हणूनच ढाल.

फोन ठेवल्यावर मला जळजळीत पत्रक लिहायचं होतं. सुरुवातही केली. मग थांबले. मी लिहिलेलं मला पाठ असतं, कारण ते आधी बोललेलं असतं. तो कागद हातात घेऊन मी पुन्हा तेच करणार होते जे लहानपणी गेटवर करायची. बोलून मी सभा जिंकली असती, आणि सचिवांचं म्हणणं खरं ठरलं असतं. बघा, बाईंनी कशी बोलायला शिकवली.

मी आप्पांना म्हटलं, पत्रक तुम्ही लिहा. मला दाखवू नका, वाचून दाखवू नका. तिथंच द्या.

आप्पा म्हणाले, "सभेत पडशील."

"पडू दे."

ते चष्मा शोधायला उठले.

रविवारी सभागृह भरलं होतं. कुपवाडच्या कारखान्यांतले आईबाप, दुचाकीवर पुढे मागे पोरं बसवून आलेले. तुमच्या गुरुवारची मुलं पुढच्या रांगेत. सचिवांनी तुमच्या फोटोला हार घातला आणि म्हणाले, मॅडमनी मुक्यांना वाचा दिली. मग माझं नाव पुकारलं. आप्पांनी घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला. वर पंखा गरगरत होता, कागद उडायला लागला, म्हणून तो टेबलावर पसरला आणि खिशातला वायसर काढून त्यावर ठेवला. सवयीनं जवळ असतोच एक.

"कामगार बंधू-भगिनींनो." आप्पांना दुसरी सुरुवात येतच नाही. सभागृहात हसू पसरलं आणि मला जरा बरं वाटलं. दुसऱ्या ओळीत मी अडखळले. तिसऱ्या ओळीत थांबले. मागून कुणीतरी शेजाऱ्याला विचारलं, हिला काय झालं? भाषण जिभेवर तयार होतं, बाई. कागद सोडून वर बघितलं असतं तर ते आपोआप सुरू झालं असतं. मी वर बघितलं नाही. वायसर शब्दावर ठेवला, पुढे सरकवला, आवाज जोडले.

आप्पांनी लिहिलं होतं, "हा कागद माझ्या मुलीनं आधी पाहिलेला नाही. ती अडखळेल. ती अडखळेल तेव्हा थांबा. मी थांबलो नव्हतो. बोलायच्या बाई थांबल्या."

मी हे वाचलं, एकेक शब्द उचलत. 'थांबल्या' पाशी मला डोळ्यांपुढचं काही दिसेना. सचिव खुर्चीतून अर्धे उठले, मला सोडवायला, चांगल्या मनानंच. तेवढ्यात मधल्या रांगेतून एक बाई म्हणाली, "वाचा तुमी सावकाश. आमाला घाई न्हाई."

तिच्या मांडीवरच्या मुलीला मी ओळखत होते. तुमच्या गुरुवारची. ती हसत नव्हती. माझ्या हाताखालच्या वायसराकडे मान लांब करून बघत होती.

मी पुढे वाचलं. पंखा फिरत राहिला, कुणी उठलं नाही. आपली मुलं बोलतात म्हणून त्यांना मदत नको, असं समजू नका, आप्पांनी लिहिलं होतं. बोलणं आणि वाचणं एकाच घरच्या दोन खोल्या आहेत आणि मधलं दार काही पोरांना सापडत नाही. ते दाखवायला शिकलेला माणूस लागतो, गुरुवारी लागतो, दर गुरुवारी लागतो. आणि शेवटी, जाड अक्षरात, त्यांच्या नेहमीच्या जागी, मागणी.

"ढाल नको. गुरुवार पाहिजे."

टाळ्या कमी पडल्या. कोयनेला यापेक्षा जास्त पडल्या होत्या. पण सभा संपल्यावर लोक हलेनात. एक बाप सचिवांना सांगत होता, आमचा बी लय बोलतो साहेब, पण वाचाय न्हाई येत, आमाला वाटलं मुद्दाम करतो. आणखी कुणी, आणखी कुणी. सचिवांनी सगळ्यांचं ऐकलं. शेवटी म्हणाले, बघू, कमिटीपुढे ठेवतो. तुमच्या खोलीची किल्ली त्यांनी दिली नाही, पण नाही असंही म्हणाले नाहीत.

घरी येताना मी दुचाकीवर मागे बसले होते. आप्पा म्हणाले, "लय अडखळलीस."

कुपवाडच्या वळणावर त्यांनी गाडी हळू केली.

"एकजण बी उठून गेला न्हाई."

थोड्या वेळानं परत म्हणाले, "बघू म्हंजी न्हाई असतं. बसावं लागंल."

म्हणून धरणं धरून बसणार आहोत. एक गोष्ट मला पक्की कळते. तुमचं काम माझ्यासारख्या कार्यकर्तीच्या उत्साहानं होत नाही. मला वायसर सरकवता येतात, पण कुठल्या मुलाचं कुठं अडतंय ते ऐकून ओळखता येत नाही. ते शिकलेल्या माणसाचं काम आहे. साताऱ्याची तुमची अश्विनी, तुमच्या हाताखाली तयार झालेली स्पीच थेरपिस्ट, तिला मी फोन केला. ती म्हणाली, पहिल्या एसटीनं येते, खोली मिळेल का तेवढं सांग. मी म्हटलं, शाळेचा व्हरांडा नक्की मिळेल. तिचं येणं कायमचं होईपर्यंत, तिला रीतसर नेमणूक मिळेपर्यंत, आम्ही त्या व्हरांड्यातून उठणार नाही. प्रमाणपत्राच्या फेऱ्याही आम्हीच मारू. मार्चची परीक्षा मार्चमध्येच आहे, तुमचं म्हणणं मी मान्य करते. आणि सगळ्यांना वेळ मिळावा म्हणून पत्रकही काढते. सही करायला तुम्ही नाही, तर मधल्या रांगेतल्या त्या बाईंची घेईन. घाई नाही म्हणायचा अधिकार त्यांनी कमावला आहे.

लोणंदच्या काकूंना उत्तर द्यायचं राहिलं होतं. काकू, मी तोतरी नव्हते आणि मुकी नव्हते. मी त्यांच्याकडे वाचायला जात होते.

हे लिहितेय तो बुधवार आहे. आप्पा संध्याकाळी कारखान्यातून आले तेव्हा हातात रुमाल होता, जड. ऑफिसात जाऊन मागून आणले म्हणाले. आता ते मोरीत वायसर रॉकेलनं धुताहेत, आणि तुम्ही दिलेलं ते गोष्टीचं पुस्तक मी पिशवीत घातलं आहे. कोयनेला बाजूला ठेवलं आणि तसंच घरी आणलं, तेच. मी ते अजून उघडलेलं नाही. उद्या मुलांसमोरच उघडेन.